सिग्नलवरचा बारदाना

जे शहर आपल्या म्हाताऱ्या माणसांना सुखरूप रस्ता ओलांडू देतं, तेच खरं सुसंस्कृत शहर. हे वाक्य आमच्या शहरात स्टीलच्या पाटीवर कोरलेलं आहे. पाटी लोखंडी खांबावर आहे. खांबाला मात्र बरेच दिवस वरपासून खालपर्यंत धानाचा बारदाना गुंडाळलेला होता, त्यामुळे ते वाक्य फार थोड्यांनी वाचलं.

शहर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि त्या दिवसापासून आम्ही शहरात राहायला लागलो. घर कुणाला बदलावं लागलं नाही. फक्त मधला रस्ता चौपदरी झाला. पूर्वी त्याच्यावर म्हशी बसत, आता गिट्टीचे टिप्पर, धानाचे ट्रॅक्टर आणि रायपूरकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स धावतात. म्हशींना लगेच समजलं. माणसांना वेळ लागला.

या रस्त्याच्या अलीकडे दुधराम आणि त्याची बायको निर्मलाबाई राहतात. पलीकडे, बरोबर समोर, निर्मलाबाईची थोरली बहीण रुख्मा राहायची. रुख्माची डावी बाजू लुळी पडली होती. मूलबाळ नव्हतं. निर्मलाबाईने रोज सकाळी तांदळाची पेज घेऊन जावं, बहिणीला उठवावं, धुवावं, भरवावं आणि परत यावं. रुख्माला इकडे आणायचं म्हटलं तर ती ऐकत नसे. "मी निघालो का पुतन्या कुलूप ठोकते," म्हणायची. चिचगडच्या त्या पुतण्याबद्दल तिचा अंदाज बरोबर होता.

दुधरामने पेज नेऊन द्यावी हाही मार्ग नव्हता. बायकोची थोरली बहीण म्हणजे सासूच्या जागी. तिने जावयासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, जावयाने तिच्याशी बोलायचं नाही. चाळीस वर्षांत रुख्माने त्याला आपला चेहरा दाखवला नव्हता. आता भरवताना दाखवेल ही शक्यता नव्हती.

तेव्हा निर्मलाबाईला रस्ता ओलांडणं भाग होतं. वय बाहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

नगराध्यक्ष भूपेंद्रभाऊंनी ज्येष्ठांसाठी सिग्नल बसवायचं ठरवलं, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो हे मोजायला एक अभियंता आला. रस्त्यावर त्या वेळी एकच म्हातारं माणूस होतं. निर्मलाबाई पेजेचा डबा घेऊन निघाली, साहेबाने घड्याळ लावलं. अडतीस सेकंद. फाइलमध्ये तिचं नाव 'नमुना पादचारी' म्हणून चढलं आणि सिग्नल चाळीस सेकंदांचा झाला. बटन दाबायचं, गाड्या थांबणार, म्हातारं माणूस सावकाश जाणार. खांबावर भूपेंद्रभाऊंच्या वडिलांचं नाव आलं: स्व. केवलरामजी स्मृती ज्येष्ठ पादचारी सिग्नल. खाली ते सुसंस्कृत शहराचं वाक्य.

सिग्नल दिवाळीपूर्वीच तयार झाला. पण लोकार्पण झाल्याशिवाय वस्तू लोकांची होत नाही, आणि लोकार्पण केवलरामजींच्या पुण्यतिथीला ठेवलं होतं. पुण्यतिथीला अकरा दिवस उरले असताना निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आचारसंहितेत पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या झाकायच्या असतात. झाकायची होती नुसती पाटी. पण ज्याच्याकडे काम होतं, त्याने भानगड नको म्हणून दिव्यांसकट, बटनासकट अख्खा खांब बारदान्यात बांधला. सुतळीही चांगली वापरली.

"उघडाल कवा?" निर्मलाबाईने त्याला विचारलं.

"निकाल लागल्यावर, आजी."

"अन तवापर्यंत?"

"तोवर सांभाळून जात जा."

दुधराम हे सगळं ओट्यावरून बघत होता. तो रेल्वेतला. सौंदडच्या पुढच्या एका फाटकावर तीस वर्षं फाटकवाला. आयुष्यभर त्याने माणसं थांबवली आणि माणसं सोडली, एकालाही ओरखडा आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून आपले दोन जुने झेंडे काढले, एक लाल, एक हिरवा, आणि सकाळी आठला रस्त्याच्या मधोमध जाऊन लाल झेंडा आडवा धरला.

गाड्या थांबल्या. आमच्याकडच्या माणसाला सिग्नल ठाऊक नाही, फाटक ठाऊक आहे. लाल झेंडा दिसला की तो इंजिन बंद करतो, उतरतो, तंबाखू मळतो. मोटारसायकलवाले सवयीने मान वाकवून खालून घुसायला आले, पण खाली घुसायला दांडाच नसल्यामुळे गोंधळून थांबले.

"बुढा, कोनती गाडी येऊन रायली?" ट्रॅक्टरवरून एकाने विचारलं.

"लोकल," दुधराम मागे न बघता म्हणाला. "लेट हाये."

"मले लोकल म्हनता," डबा सांभाळत निर्मलाबाई म्हणाली. "तुमी रिटायर होऊन यार्डात पडले, ते नाही सांगत लोकायले."

"चाल, चाल. बोलत नोको राहू. लाइन बंद हाये."

ती पलीकडे पोचली की तो लाल झेंडा गुंडाळायचा, हिरवा दाखवायचा. गाड्या सुटायच्या. दोन आठवड्यांत आठ-दहा म्हातारी माणसं बरोबर आठ वाजता तिथे जमायला लागली. कुणाला बँकेत जायचं असे, कुणाला दवाखान्यात, आणि उदारामला कुठेच जायचं नसे. तो म्हणायचा की सात महिन्यांनी पलीकडची बाजू बघायला मिळाली. शहरातला रस्ता म्हाताऱ्यांसाठी सुरक्षित झाला होता. खर्च शून्य होता, हाच त्यातला दोष असावा.

तिसऱ्या आठवड्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं. जीप, दोन शिपाई, एक कॅमेरावाला आणि प्रमुख म्हणून ओमेश नावाचा कृषी सहायक. धानावरचा तुडतुडा लांबून ओळखणारा माणूस. झेंड्यांचा अनुभव त्याला नव्हता, पण ड्यूटी लागली होती. त्याने रस्त्यात एक झेंडा पाहिला, थांबलेला जनसमुदाय पाहिला, आणि जीप उभी केली.

"झेंडा कोणाचा?"

"रेल्वेचा."

"परवानगी?"

"तीस वर्स दाखवला जी. कोनी नाही विचारलं. उलट नाही दाखवला तं सस्पेंड करत होते."

"आणि हा दुसरा?"

"हिरवा. दोन लागतेतच."

"म्हणजे युती," ओमेशने कॅमेरावाल्याला सांगितलं. "दोन्ही नीट घे."

निर्मलाबाई तेव्हा दुभाजकापर्यंत पोचली होती. दुधराम झेंडा सोडेना. "बाईले उतरू द्या, मंग नेजा," असं तो चार वेळा म्हणाला. ते पंचनाम्यात 'कामात अडथळा' म्हणून आलं. झेंडे गेले, लाइन सुरू झाली. निर्मलाबाई पाऊण तास दुभाजकावर, कण्हेरीच्या झाडाला धरून उभी राहिली. पंचनामा पूर्ण झाल्यावर पथक निघालं तेव्हा एका शिपायाने तिला हात दिला, पण अलीकडे आणून सोडलं. तो म्हणाला, हेच जवळ होतं.

झेंडे सोडवायला तहसीलमध्ये रेल्वेचं पत्र मागितलं: सदर झेंडे प्रचारसाहित्य नाहीत. दुधराम गोंदियाला गेला. तिथल्या बाबूने चष्मा वर करून विचारलं, "काका, रिटायर हुए तो झंडे जमा क्यों नहीं किये?" तो तीनदा गेला आणि दर वेळी ओशाळून परत आला.

तो तिसऱ्यांदा गोंदियाला गेला त्या दिवशी निर्मलाबाई एकटीच निघाली. बारदान्याच्या खांबाशी ती बराच वेळ थांबली. बटन कुठे असेल ते तिने पोत्यावरून चाचपून पाहिलं, असं समोरच्या पानवाल्याने सांगितलं. सापडलं, दाबलंही. मग पदर खोचून निघाली. त्याच वेळी चाळीस मोटारसायकलींची प्रचारफेरी आली. तिच्यात कमीत कमी साठ झेंडे होते आणि सगळ्यांना रीतसर परवानगी होती. एका हँडलचा धक्का लागला. निर्मलाबाईचं मनगट मोडलं, पेज रस्त्यावर सांडली. फेरीतले दोघे उतरले, तिला बाजूला बसवलं, पत्रक दिलं आणि पुढे गेले.

हाताला प्लास्टर लागलं. डॉक्टरने घराबाहेर पडू नका म्हटलं. दुधरामने पेज नेली. रुख्मा पदर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली. त्याने डबा उशाशी ठेवला, बाहेर ओट्यावर बसला, खोकला, उठला. संध्याकाळी गेला तर डब्याला हात लागलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंजूने भरवायचा प्रयत्न केला. दोन चमचे गेले. तिसऱ्या दिवशी दुधरामने पहिल्यांदा रीत मोडली आणि दारातून बोलला.

"बाई, खाऊन घ्या. तिचा हात मोडला हाये. ते नाही येऊ शकत."

आतून उत्तर आलं, तेही चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. "तुमी तं फाटकवाले होते ना. येऊ कायले नाही देत तिले?"

तो परत आला आणि बायकोला हे सांगितलं नाही.

शनिवारी चिचगडचा पुतण्या गाडी घेऊन आला, रुख्माला उचलून नेलं, दाराला कुलूप लावलं. कुलूप नवीन होतं. पुढच्या महिन्यात ती वारल्याचा फोन आला. मतदान त्याच आठवड्यात झालं. भूपेंद्रभाऊ निवडून आले.

लोकार्पण झालं. मंडप पडला, बारदाना उतरला, केवलरामजींच्या पाटीला हार घातला. बटन कुणी दाबायचं यावर थोडी चर्चा झाली. मग फाइल काढली, तर 'नमुना पादचारी' सापडली. निर्मलाबाईला खुर्चीवरून उठवून खांबापाशी आणलं. प्लास्टर निघालं होतं, पण हात वाकडा जुळला होता. तिने डाव्या हाताने बटन दाबलं. दिवे लागले. गाड्या थांबवायला त्या दिवशी पोलीस होतेच.

"आता पलीकडे जा, आजी," अभियंता म्हणाला.

"पलीकडे कोनी नाही जी आता."

"कोणी नसलं तरी चालते. फोटो आहे."

ती गेली. पलीकडे कुलपासमोर जरा उभी राहिली. फोटोत भाऊंचं अर्धं तोंड आलं होतं म्हणून तिला परत आणलं आणि पुन्हा पाठवलं. दुधराम मंडपाच्या कडेला उभा होता. त्याचे झेंडे अजून तहसीलच्या कपाटात होते, पण त्याचा उजवा हात ती पोचेपर्यंत आडवाच होता. दुसऱ्या वेळी तिला एक्कावन्न सेकंद लागले. गाड्यांचा दिवा ती पोचायच्या आधीच हिरवा झाला. भाषणात भाऊंनी सांगितलं की हा प्रकल्प जिल्ह्याला दिशा दाखवेल.

सिग्नलला अजून वीजजोडणी मिळालेली नव्हती. वायर मंडपाच्या जनरेटरवरून आणली होती. जनरेटर भाड्याचा होता, तो पाच वाजता परत गेला.