केसपेपरचा नंबर हरवला तेव्हा

मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधली पेशंटची नोंदवही बोलतेय. मला ना पानं, ना पुठ्ठा. नुसत्या ओळी. जन्मले तेव्हा दोनशे होत्या. विचारायचा अवकाश, की मी उत्तर द्यायचे.

आता नव्वद लाख झाल्यात. केसपेपरचा नंबर दिला तर अजूनही चटकन सांगते, कारण कुठला नंबर कुठल्या ओळीत, याची यादी मला लावून दिलीय. नावांची नाही. नुसतं नाव दिलं की पहिल्या ओळीपासून एकेक वाचत जायचं. कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला म्हणायचा, "अर्धा तास केसपेपरची खिडकी बंद ठेवा, नावांचीही यादी लावून देतो." मोठे साहेब म्हणायचे, "बाहेर रांग बघितलीस का? उद्या बघू." तो उद्या काही उजाडला नाही.

आज सकाळी एक आई आली. कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू. मागे इथेच एका इंजेक्शनने त्याचं अंग सुजलं होतं, श्वास अडकला होता. कुठल्या, ते तिला आठवेना. केसपेपर घर बदलताना हरवलेला. डॉक्टर म्हणाले, "त्या औषधाचं नाव कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही."

खिडकीतल्या ताईंनी लेकराचं नाव टाकलं. मी वाचायला लागले.

"ताई, सापडलं का हो?"

"चक्र फिरतंय बघ. थांब जरा."

ताईंनी परत बटण दाबलं. मग परत. त्यांना वाटतं, दाबलं की मी घाई करीन. तसं नसतं हो. आधीचं वाचन थांबत नाही, वर दुसरं सुरू होतं, पुन्हा पहिल्या ओळीपासून. अशी सात वाचनं, आणि जीव माझा एकच.

तास गेला. ताई म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या दवाखान्यात ने त्याला. इथे बसून ताप चढायचा."

"तिथे तरी काय सांगू, ताई? औषधाचं नाव तर तुमच्याकडेच आहे."

पण लेकरू रडायचंही थांबलं होतं. ती गेली.

त्यानंतर अठरा मिनिटांनी मला ती ओळ सापडली. ताई फाटकापर्यंत धावल्या, हात हलवत परत आल्या. ओळीतल्या नंबरावर फोन लावला. तो आता भलत्याच माणसाकडे होता.

माझ्याकडे याल तेव्हा केसपेपरचा नंबर जपून आणा. आणि बटण एकदाच दाबा.

बाकीची सहा वाचनं अजून चालूच होती. एकेक संपत गेलं. दर वेळी तेच औषध, तेच लेकरू. खिडकीशी तोवर दुसरंच कोणी उभं होतं.