फाटक लाव रे बाळा

"आंटी, एकदा नीट आठवून सांग. वर घळीकडेच ना?"

विरेमूनं आपल्या पोलीस गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आपला कोपर रोवला होता. तळ्याकाठच्या बागेत, जिथं रोज सहलीला आलेल्यांच्या गाड्या उभ्या असतात, तिथं आज गावातली माणसं जमली होती. कुणी चहाचे थर्मास आणले होते, कुणी काठ्या.

"घळीकडेच रे पोरा," नोएलीन म्हणाली. "महिनाभर एकच धोशा लावलाय त्यानं. मेंढरं वर राहिलीत, बर्फ पडायच्या आत खाली आणली पाहिजेत. काल जेवतानाही तेच."

"बर्फ? ह्या उन्हात?"

"त्याच्या डोक्यात कुठला महिना चाललाय ते मला विचारू नकोस. मी बायको आहे त्याची, कॅलेंडर नाही."

दोघं-तिघं हसले आणि लगेच ओशाळले. नोएलीनही हसली होती. हसू ओठांवरच वाळून गेलं.

पहाटे जाग आली तेव्हा शेजारची उशी गार होती. लिंडसे टोपीही न घेता गेला होता, आणि सेंट्रल ओटागोच्या ह्या उघड्याबोडक्या डोंगरांत भर उन्हाळ्यात टोपीवाचून फिरणं म्हणजे तव्यावर डोकं ठेवणं. माग काढणारं कुत्रं डनिडन शहरातून निघालं होतं, पण ते येणार दुपारनंतर. तोवर हाताशी होती ती माणसं, आणि नोएलीनचा शब्द. ती म्हणाली घळ, म्हणून सगळे घळीकडे निघाले.

ह्या पायवाटा तिच्याच होत्या. तळ्याकाठच्या हिरवळीपासून वरच्या घळीपर्यंतच्या वाटा राखायचं काम ती किती वर्षं करत आली होती. वाटेवर आलेली रानगुलाबाची काटेरी झुडपं छाटायची, दरड घसरली की दगड बाजूला लावायचे, खांबांवरचे वाट दाखवणारे नारिंगी त्रिकोण वाऱ्यानं निखळले की पुन्हा ठोकायचे. परक्या मुलखातून आलेल्या कितीतरी माणसांना तिच्या त्रिकोणांनी घरी पोचवलं होतं. आणि लिंडसे ह्याच डोंगरांवर उभ्या जन्माचा मेंढक्या. शीळ घालून चार कुत्री चार दिशांना धाडणारा, आणि संध्याकाळी डोंगरावरून पांढऱ्या पाण्यासारखा कळप खाली ओतणारा. गेल्या दोन वर्षांत त्याचं मन स्वेटरसारखं उसवत गेलं. आधी नावं गेली, मग दिवस गेले. परवा त्यानं नोएलीनला विचारलं होतं, "बाई, तुम्हाला कुणी न्यायला येणार आहे का?"

वाट जिथं फुटते तिथं फाटक आहे. एक वाट घळीकडे चढते, दुसरी फाटकातून खाली तळ्याकडे, जुन्या रस्त्यावर उतरते. सकाळी नोएलीन तिथून गेली तेव्हा फाटक लागलेलं होतं आणि यूअनची मेंढरं त्याला अंग घासत ओरडत उभी होती. एका मेंढीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा. नोएलीन थांबली नाही. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लागलेलं दिसलं तर लागलेलं. जाणारा-येणारा आपलं डोकं चालवायला लागला तर कळपांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. इथं पोर चालायला लागलं की हेच आधी शिकतं. वाटेच्या तोंडाशी तशी पाटी तिनंच रंगवून लावली होती.

मग घळ. दोन्ही बाजूंना पापुद्र्यापापुद्र्यांचे खडक आणि मधे आटलेला ओढा. थाइमची झुडपं उन्हानं तापून ओव्यासारखा वास सोडत होती. ती हाका मारत राहिली. आधी "लिंडसे!" मग नुसतंच "ए!" मग घसा बसल्यावर तिनं दोन बोटं तोंडात घालून त्याची शीळ घातली, कुत्र्यांना परत बोलावायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यानंच शिकवली होती. "नुसत्या हाकेनं मी काही यायचा नाही, शीळ शीक," म्हणाला होता. खडकांनी ती शीळ उचलली, एकमेकांना दिली, आणि शेवटी तिची तिला परत केली.

वरून हेलिकॉप्टर गेलं. कपारी झाल्या, पडक्या खोपट्या झाल्या, जुन्या सोनखाणीची बिळं झाली. प्रत्येक खडकामागे तिला त्याचा करडा स्वेटर दिसायचा आणि जवळ गेलं की तो खडकच असायचा. 'एवढा एक दिवस दे,' ती कुणाला तरी मनात म्हणत होती. 'मला ओळखू दे नको ओळखू दे. बाई म्हणू दे. पण दे.'

ऊन कललं तेव्हा विरेमूनं तिला दंडाला धरून खाली आणलं. "पाणी पी आंटी, नाहीतर मला दोघांना शोधायला लागेल." फाटकापाशी पोचतात तोच मागून यूअन आला. शेजारच्या कुरणांचा मालक, सकाळी आपल्या कुरणातून परस्पर वर चढून तोही घळीतच शोधत होता. फाटकाशी दाटलेला कळप बघून त्याचा पारा चढला.

"कुठल्या गाढवानं लावलंय हे? जीभ बाहेर आलीय बिचाऱ्यांची! अगं नोएलीन, तुझ्या त्या रंगीत टोप्यावाल्या पाहुण्यांना पाटी वाचता येत नाही का?"

"लागलेलंच होतं. सकाळी मी गेले तेव्हाही."

"कसं असेल? पाण्याला जाता यावं म्हणून काल संध्याकाळी मी स्वतः उघडून ठेवलं. तारेनं खांबाला बांधलं."

तार खाली पडली होती. कुणीतरी पीळ सोडवून ती नीट गुंडाळून ठेवली होती.

नोएलीन त्या वेटोळ्याकडे बघत राहिली. गावातलं कुणी उघडं फाटक लावणार नाही. पाटी वाचलेला पाहुणा लावणार नाही. मेंढक्या तर मेला तरी लावणार नाही.

पण ह्या फाटकाखालच्या वाटेवर, धरणाचं पाणी चढण्याआधी, जर्दाळूंची बाग होती. बागेत घर होतं. त्या घरातल्या पोराला, लहानग्या लिंडसेला, फाटक उघडं दिसलं की लावावंच लागायचं, नाहीतर मेंढरं आत घुसून झाडं ओरबाडायची. त्याची आई फळं तोडताना गायची ते गाणं आठवडाभर तो खिडकीशी बसून गुणगुणत होता, आणि नोएलीन भांडी विसळत ऐकत होती:

*फाटक लाव रे बाळा, मेंढरं आली दारी*
*जर्दाळूच्या कवळ्या फांद्या, मोडून खातील सारी*

"तो वर गेलाच नाही," ती म्हणाली. "विरेमू, तो मेंढरं आणायला गेला नाही रे. तो घरी गेलाय. आणि मी सकाळी इथं... ही मेंढरं ओरडत होती, आणि मी..."

"आंटी, चल," विरेमू म्हणाला.

यूअननं फाटक ढकललं. कळप त्यांच्या दोन्ही अंगांनी पाण्याकडे धावला आणि ती तिघं त्या धुळीत, लोकरीत, ओरडण्यात वाहत खाली गेली.

जुना रस्ता सरळ तळ्यात शिरतो. डांबर पाण्याखाली थोडं अंतर दिसतं, मग हिरवं होतं, मग दिसत नाही. मेंढरं काठानं पांगली आणि माना खाली घालून पिऊ लागली. रस्ता जिथं बुडतो तिथं मात्र एकही गेलं नव्हतं.

तिथं बूट होते. जोडीनं ठेवलेले, टाचा पाण्याकडे, नाड्या सोडून आत खोचलेल्या. मोजे प्रत्येक बुटात एकेक, घडी करून. चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात आलेलं आईला चालत नसे.

यूअननं टोपी काढली आणि तोंड फिरवलं. विरेमू रेडिओत हळू आवाजात बोलला. होडी, पाणबुडे, जुन्या रस्त्याचं तोंड. पाण्यावर एक तरंग नव्हता. पलीकडचे पिवळे डोंगर उलटे होऊन त्यात शांत उभे होते.

"पाय गार पडले असतील त्याचे," नोएलीन म्हणाली.

ती खाली बसली. स्वतःचे बूट काढले आणि त्याच्या बुटांशेजारी ओळीत लावले. मग त्या रस्त्यानं पाण्यात चालत गेली. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर थांबली आणि समोर बघत उभी राहिली, दार उघडायची वाट बघत उभं राहावं तशी.

तिला धरायला विरेमू झटकन पुढं झाला. काठाशी त्याचं पाऊल अडलं. त्यानं त्या चार बुटांकडे पाहिलं, एक गुडघा टेकला, आणि आपल्या पोलिसी बुटांच्या नाड्या सोडायला लागला.