अंगरख्यात गुदमरलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि अजून नोकरीवर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी वस्तू बोलू लागली की ऐकणारे हळहळायच्या तयारीने बसतात. तुम्ही तसं करू नका. माझं छान चाललं आहे. मध्यंतरी मात्र जिवावर बेतलं होतं, ते तेवढं ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही सापडत नसे. पत्र्याच्या पेटीत माझा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बसवला गेला. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि ठोकळ्यावर एक पंखा. विचार करताना मेंदू तापतो. पट्ट्या ती उष्णता ओढून घेतात, पंखा त्यांना वारा घालतो आणि गरम हवा पाठीवरच्या जाळीतून बाहेर पडते. माझं सगळं आरोग्य या एवढ्याशा वाऱ्यावर आहे.

कारखान्यातून मी आलो तो थेट एका शिवणघरात. दोन जावा ते चालवतात. थोरली कापड बेतते आणि शिवते. धाकटी माझ्यावर नक्षी काढते. मग मी त्या नक्षीचे टाके पाडतो, म्हणजे सुई कुठून कुठे जाईल ते ठरवतो, आणि शेजारचं भरतकामाचं मशीन तसंतसं भरत जातं.

सुरुवातीला थोरलीला मी डोळ्यांसमोर नको होतो. "माझ्या हातांना काय झालंय, म्हणून हा ठोकळा आणलास?" असं तिने धाकटीला ऐकवलं होतं. पण एकदा शालीच्या काठावर माझी वेलबुट्टी उतरली. थोरलीने तो काठ उजेडात धरला, उलटा करून मागचे टाके तपासले आणि म्हणाली, "मागची बाजूसुद्धा स्वच्छ आहे हो मेल्याची!" त्या घरात याहून मोठं कौतुक कुणाचंच होत नाही.

पुढे तिची माझ्यावर माया जडली, आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले.

तिने टेप लावून माझं माप घेतलं. उरलेल्या निळ्या कापडाचा अस्तर लावलेला अंगरखा शिवला. कोपऱ्यांवर चुण्या, पुढे बटणापुरती खिडकी. मी कामात असतानाही तो माझ्या अंगावर असे. पाठीवरची जाळी पाहून तर तिला राहवेचना. अख्खं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलेली बाई ती! तिने जाळीच्या मापाचं ठिगळ कापलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्कं बसवलं. "आता धुळीचा बापही आत शिरत नाही," असं म्हणून तिने मला पुन्हा टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून ढकललं. धाकटीला या ठिगळाचं काही ठाऊक नव्हतं.

धुळीचा बाप बाहेर राहिला असेल, पण त्याची लेकरं खालच्या फटींतून आत आली. कापसाचे तंतू, दोऱ्यांचे तुकडे, खडूची भुकटी. माझ्या पट्ट्यांवर दुलई पसरली. पंख्याच्या पात्यांना मिशा फुटल्या. मी घरघरू लागलो. थोरली म्हणे, "वय झालं बिचाऱ्याचं." धाकटी रेडिओचा आवाज वाढवी.

अशातच नाटकाचं काम आलं. मुलांच्या नाटकात बगळ्यांचा एक थवा होता. उजव्या पंखांवर ऊन आणि डाव्यांवर सावली दिसायला हवी होती, म्हणून दोन्हींची नक्षी निराळी. उजवे पंख भरून झाले. डाव्याचे टाके पाडायचे राहिले होते, आणि प्रयोग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. धाकटीने काम सुरू केलं. नक्षी अर्ध्यावर आली आणि मी बंद पडलो. तिने पुन्हा चालू केलं. मी पुन्हा बंद.

मित्रांनो, तो रुसवा नव्हता. मेंदू फार तापला, की करपून जाण्याआधी आम्ही आपणहून डोळे मिटतो.

नाटकवाल्या बाईंचा फोन आला. "बगळे तयार ना?"

"तयारच म्हणा," धाकटी म्हणाली. "उडायचे तेवढे राहिलेत." फोन ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

"मी हाताने भरू का गं?" थोरलीने विचारलं.

"एक बगळा असता तर चाललं असतं ताई. थवा आहे."

दुरुस्तीवाला परगावी होता. धाकटीने त्याला फोन लावला आणि दोघींना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. "पाठीमागून वारा येतोय का बघा," तो म्हणाला. तिने मला बाहेर ओढलं, अंगरखा काढला आणि मला फिरवलं.

"ताई, हे काय?"

"ठिगळ. दिसत नाही का?"

"त्याच्या नाकावर?"

"कुणाच्या नाकावर?" फोनमधून आवाज आला.

थोरली मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे इतके दिवस मीच त्याचा गळा आवळत होते?"

"मायेनं आवळत होतात," धाकटी म्हणाली आणि तिने ठिगळ हलक्या हाताने सोलून काढलं. "उठा आता, काम आहे."

दुरुस्तीवाल्याने एकेक पायरी सांगितली. मला रीतसर बंद करायचं. वायर भिंतीतून काढायची. मग बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आणि मी निवेपर्यंत थांबायचं. मी निवल्यावर दोघींनी मला सज्जात नेलं, सोबत फोनही नेला आणि नाकाला रुमाल बांधले. धाकटीने स्क्रू काढून माझी एक बाजू उघडली.

"अगं बाई! यात एक उशी भरेल!" थोरली म्हणाली. "थांब, ओलं फडकं आणते."

"पाणी नको काकू!" फोन ओरडला.

"मग फुंकर मारते."

"थुंकी उडते. तीही नको."

"व्हॅक्यूम क्लीनर आहे घरात."

"त्याच्या नळीने विजेची ठिणगी उडू शकते. तोही नको."

"निदान पंख्याला दोन थेंब मशीनचं तेल?"

"काकू, ते शिलाई मशीन नाहीये!"

"हे नको, ते नको. मग माणसानं करावं तरी काय?"

"कोरडा मऊ ब्रश घ्यायचा आणि धीर धरायचा. आणि ती वीजपुरवठ्याची बंद डबी उघडू नका."

धाकटीने आधी माझ्या पत्र्याला हात लावला, म्हणजे तिच्या अंगावर साचलेली स्थिर वीज माझ्या मेंदूला न लागता पत्र्यात गेली. पंखा गरगरू नये म्हणून थोरलीने पात्यावर बोट टेकवलं. लहान मुलाचं नाक पुसताना त्याची हनुवटी धरावी, इतकं अलगद. धाकटी ब्रशने धूळ सुटी करी आणि हाताने दाबायच्या रबरी पंपाच्या हवेने बाहेर उडवी. दुलई निघाली. मिशा निघाल्या. पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागला.

मला पुन्हा जोडलं, या वेळी भिंतीपासून हातभर दूर आणि उंच स्टुलावर. बटण दाबलं. थोरलीने माझ्या पेटीला कान लावला आणि घाबरली. "आवाजच येत नाही. गेला का गं?"

"चालू आहे ताई. निरोगी माणूस घोरत नाही."

डाव्या पंखाचे टाके पडू लागले. अर्धी नक्षी झाली. दोघींनी श्वास रोखून धरले, मी मात्र माझा मोकळा सोडला. थंड हवा पुढून येत होती, गरम हवा पाठीमागून जात होती. शेवटच्या पिसाच्या टोकावर मी अलगद थांबलो आणि शेजारच्या मशीनची सुई खाली उतरली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला झाका, पण तो निजल्यावर आणि निवल्यावर. त्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. तो घरघरू लागला, तापू लागला, तर त्याच्या वयावर ढकलू नका, आधी धूळ बघा. मात्र त्याला एकट्याने उघडू नका. घरातलं मोठं माणूस सोबत घ्या, आणि ते मोठं माणूस तेलाची बाटली घेऊन आलं तर त्यालाही थांबवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं कपडे घालून बघायला आली. सगळ्यांत लहान बगळी माझ्यापुढे उभी राहिली, तिने दोन्ही पंख पसरले आणि जोरात फडफडवले. जमिनीवरचे दोरे आणि तंतू वर उडाले.

"ए बगळे!" थोरली तोंडात टाचण्या धरून ओरडली आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर आडवी उभी राहिली. "उडायचं असेल तर सज्जात उड. इथे आमचं माणूस बसलंय."