कानात लाल लोकर

नोरफेलला मी आचो, म्हणजे थोरला दादा, म्हणते; तो माझा सख्खा भाऊ नाही. पण आम्हा लडाख्यांत फास्पुनचं नातं सख्ख्याहून घट्ट. एका कुलदेवतेची पाच-सहा घरं. कुणाकडे मूल जन्मलं की बाकीची धावतात, आणि माणूस गेलं की घरचे नव्हे, फास्पुनचे खांदा देतात. बर्फात हिमबिबट्या हुडकायलाही मला त्यानंच शिकवलं.

शरदात माझ्या वडिलांची, आबांची, छाती भरली. वैद्यानं हात टेकले, तेव्हा लामा म्हणाले, त्यांच्या नावानं एक जीव सोड. मी पांढरी शेळी निवडली, कानात लाल लोकर ओवली आणि तिला सोडलं. असं जनावर कुणी कापत नाही, विकत नाही, बांधत नाही. आठवड्यात आबा उठून बसले. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न शेळीचा असतो.

माघाच्या थंडीत कलकत्त्याचे सोमदत्तबाबू भलामोठा कॅमेरा घेऊन हिमबिबट्या बघायला आमच्या राष्ट्रीय उद्यानात आले आणि पाहुणे म्हणून माझ्या घरी उतरले. नऊ दिवस कड्यांवर डोळे लावून बसलो, बिबट्याची शेपूटसुद्धा दिसली नाही. त्यातच दोन दिवस शेळी बेपत्ता. नोरफेल माझ्याबरोबर वरच्या खिंडीपर्यंत हाका मारत आला. वाटेत लेंड्या उचलून, बोटांनी चुरडून, “जुन्या आहेत,” असंही सांगितलं.

दहाव्या सकाळी तो म्हणाला, आज खालच्या घळीसमोर बसू. बसलो, आणि तासाभरात मादी खडकावरून उतरली. बाबूंचा कॅमेरा थांबेना. मलाही आनंदानं भरून आलं. मी दुर्बिणीला डोळा लावला.

बिबट्याची मादी एक शेळी खात होती. शेळीच्या कानात लाल लोकर होती. मागच्या पायाला दोर होता, आणि घोड्यावर ओझं बांधताना नोरफेल मारतो तीच दुहेरी गाठ.

“आचो,” मी हळूच म्हटलं, “ही आबांची आहे.”

“माहीत आहे.” त्यानं मान वळवली नाही. “पाहुणा उद्या तोंड पाडून गेला असता. मग पुढच्या वर्षी तुझ्या घरी कोण उतरणार होतं?”

“सोडलेला जीव बांधलास?”

“दुसऱ्याची शेळी नेली तर मालक भांडतो. हिला मालकच नव्हता. मी मारली नाही, यांगदोल. फक्त बांधली.”

बाबूंनी वळून दोघांचे हात हातात घेतले. त्या भल्या माणसाला काहीच कळलं नव्हतं.

घरी आलो तर आबा चुलीपाशी वाट पाहत होते. नोरफेल नेहमीसारखा त्यांच्या शेजारी बसला. केसाने गळा कापून चहाला बसायचं, याला छाती लागते.

“शेळी दिसली का गं?”

नोरफेलनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर आबा पुन्हा अंथरूण धरतील, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“दिसली, आबा. दुर्बिणीतून.”

“नोरफेलनंच शोधली असेल.”

“हो. ती कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं.”

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बघ, पोटची पोरं काय करतील? मी गेलो की पहिला खांदा याचा. त्याला चहा दे, काठोकाठ.”

मी ओतला. हात जरासुद्धा कापला नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.