नमुना सोबत जोडावा

१. अर्जदाराचे नाव

हिल्लेवी मार्तेस. खरं तर मार्तेस हिल्लेवी. आमच्या गावात घराचं नाव आधी येतं, माणूस मागून. फॉर्मला ते चालत नाही. मागच्या वर्षीही चाललं नव्हतं.

२. सध्याचा व्यवसाय

नगरपालिकेची घरसेविका. तळ्याच्या पश्चिम काठावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गोळ्या देते, आंघोळ घालते, पायात मोजे चढवते. दिवसाला अकरा घरं. बारावं आईचं, ते यादीत नाही.

३. कोणत्या हस्तकलेसाठी शिष्यवृत्ती हवी? (पन्नास शब्दांच्या आत)

माणसाच्या केसांचं विणकाम. केस सोड्याच्या पाण्यात उकळायचे, लांबीप्रमाणे निवडायचे, मधे भोक असलेल्या गोल मेजावर शिशाची वजनं लावून विणायचे. साखळ्या, कानातली, अंगठ्या. माझी पणजी हेच करत पायी पीटर्सबर्गपर्यंत गेली. मेलेल्या नवऱ्याचे केस बायका तिच्या हातात द्यायच्या आणि ती त्यांची अशी साखळी करायची की

(शब्दमर्यादा संपली.)

४. कोणाकडून शिकणार?

मार्तेस आस्ता, वय ब्याऐंशी. माझी आई. घड्याळाची पोकळ साखळी, शहाण्णव पदरांची, आता फक्त तिला येते. कागदावर ती कुठेच नाही. आई पुटपुटत हात चालवते आणि ते पुटपुटणंही हात थांबला की तिला आठवत नाही. म्हणजे तिच्या शेजारी बसून, हातांकडे बघतच शिकायचं.

हिवाळ्यात आमच्याकडे कामापुरता उजेड दहा ते दोन. त्या वेळी मी दुसऱ्यांच्या आयांना मोजे चढवत असते. दिवा लावून हे काम होत नाही, पिवळ्या प्रकाशात सगळे केस एकाच रंगाचे दिसतात. मला एक हिवाळा हवा होता. दहा ते दोन. बाकी काही नाही.

५. यापूर्वी अर्ज केला होता का? निकाल?

हो. नाही.

(इथे दोन ओळींची जागा आहे. पुढचं पाठीमागे लिहिते.)

मागच्या शरदात डॉक्टरांनी आईला सांगितलं, डोळ्यांचा मधला भाग चाललाय, कडा राहतील. आई घरी येऊन म्हणाली, "म्हणजे तुझं तोंड सोडून बाकी सगळं दिसेल. नशीबच म्हणायचं." मग तिनं कॉफी बशीत ओतली, खडीसाखरेचा तुकडा दातांत धरला आणि विषय संपवला.

मी त्याच आठवड्यात फॉर्म भरला. शिक्षकाचं पत्र हवं होतं. आईनं त्याला तीन दिवस घेतले. पाकीट तिनंच बंद केलं, मला दाखवलं नाही. दाखवतात का असलं कोणी?

नाताळाआधी नकार आला. "संदर्भपत्रातून शिक्षकाचा अर्जदारावरील विश्वास पुरेसा स्पष्ट होत नाही."

मी कार्यालयात फोन केला. युआकिम नावाचा माणूस होता, आवाज गोड. आमच्या देशात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, नकार देतानाही.

"पत्र वाचून दाखवू का तुला?" तो म्हणाला. "तसा तुझा हक्क आहे."

"दाखव."

"'हिल्लेवी माझी मुलगी. केस नीट निवडते. साधी साखळी बऱ्यापैकी करते. शिकवायला माझी हरकत नाही. मार्तेस आस्ता.'" तो थांबला. "बास. एवढंच आहे."

एवढं कौतुक आईनं उभ्या आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं. बाबांच्या अंत्यविधीला पाद्र्यानं विचारलं, कसे होते, तर म्हणाली, "होते."

"हे फार चांगलं पत्र आहे," मी म्हटलं.

"बाकीच्यांची पत्रं बघ ना जरा," युआकिम म्हणाला. "एकीच्या आधीच्या शिक्षकानं लिहिलंय, अशी विद्यार्थिनी पिढीत एकदाच होते. परीक्षक काय करणार? आणि तूही कौशल्याच्या रकान्यात लिहिलंस, 'थोडंफार करून पाहिलं आहे.'"

"किती वर्षं ते विचारलं नव्हतं."

"किती?"

"एकोणतीस."

"मग लिहायचं की नाही!" खरंच हळहळला तो. मी फोन ठेवला.

घरी येऊन मी आईला नुसतं 'नाही आलं' म्हटलं. कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

६. इतर लाभार्थींविषयी माहिती असल्यास

पिढीत एकदाच होणारी जानेवारीत आमच्याच दारात उभी राहिली. जनेल लुंडीन, मिनेसोटाहून. तिची खापरपणजी आमच्या गावची. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेनं आईला विचारलं होतं, शिकवाल का. आई हो म्हणून बसली होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पाहुणी आहे. पाहुण्याला नाही म्हणायचं?"

"आणि मी?"

"तू फॉर्मला विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

आमच्या घरात मागत नाहीत आणि आपणहून देतही नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून तर मी फॉर्म आणला होता.

जनेल वाईट नव्हती. दहाला यायची, दोनला जायची. दारात बूट काढायची, वेलची घातलेले बन आणायची. विणायला स्वतःचे केस आणले होते, रंगवलेले. सोड्यात ते तुटले. तरी तिनं विणलं. साखळी सापासारखी वाकडी झाली. मी त्या दिवशी एका घरातून दुसऱ्या घरी जाताना डोकावले होते. आईनं ती साखळी डोळ्यांच्या कडेनं पाहिली.

"अप्रतिम!" आई म्हणाली. "काय सुंदर! अप्रतिम!"

जनेलला रडू आलं. तिनं आईला मिठी मारली. आई खांबासारखी उभी.

आमच्या घरची रीत अशी. काम जमलं नाही की पाहुण्याची स्तुती करायची आणि वस्तू दोन्ही हातांनी परत द्यायची. काम जमलं की काही बोलायचं नाही. खिडकीपाशी एक खिळा आहे, त्यावर आपल्या कामाशेजारी मुकाट लावायचं. माझी साधी साखळी त्या खिळ्यावर मी अठराची असताना चढली. आई तेव्हा बटाटे सोलायला निघून गेली होती.

जूनच्या अखेरीस जनेल परत गेली. तिच्या अहवालात आईचा अभिप्राय आहे. दीड पान. तेव्हा मी आईला माझ्या पत्राची गोष्ट सांगितली. ती खूप वेळ बशीत फुंकर मारत राहिली.

"असं असतं होय," एवढंच म्हणाली.

डॉक्टर काही म्हणोत, ऑगस्टमध्ये तिला कडाही दिसेनाशा झाल्या.

७. शिष्यवृत्ती न मिळाल्यास काय गमावले जाईल?

या रकान्यात भविष्यकाळ चालणार नाही.

८. नमुना सोबत जोडावा

अधूनमधून डोकावून जेवढं पाहिलं होतं त्यावरून शहाण्णव पदरांची साखळी मी या महिन्यात विणली. चार रविवार लागले. काल दुपारी आईच्या हातात दिली. तिनं अंगठ्यानं सुरुवातीपासून चाचपली. एका जागी अंगठा थांबला, मागे गेला, परत आला.

"अप्रतिम," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी साखळी पुढे केली.

"आई, मी आहे. हिल्लेवी."

"माहितीये. बहिरी नाही झाले अजून."

"खिळ्यावर लावू?"

"नको. तिसऱ्या वेढ्यात चुकलीयेस."

"काय चुकलंय?"

तिनं हात मेजावर ठेवले, बोटं हवेत जरा चालवून पाहिली, पुटपुटली, आणि थांबली.

"बघितल्याशिवाय नाही सांगता येत," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांना कळणार नाही. जोड."

९. शिक्षकाचे पत्र

आईनं सांगितलं, मी लिहिलं.

"पिढीत एकदाच, ते घाल."

"घातलं."

"विलक्षण. अद्वितीय. अजून काय असतं तसलं?"

"पुरे, आई."

"पुरे कसं? गेल्या वेळी पुरे म्हणून थांबले मी." तिनं पेन मागितलं. मी तिचा हात रेघेवर नेऊन ठेवला. सही रेघेच्या वर गेली आहे, शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर मेजावर उमटली. ती पुसली नाहीत.

१०. अर्जदाराची सही

या वर्षी शिष्यवृत्ती मिळेल.

हिल्लेवी मार्तेस