सहा विजय आणि मी उपाशी

मित्रांनो, वय झालंय माझं, लपवत नाही. मी एका क्रिकेट संघाची जुनी वॉशिंग मशीन आहे. मैदानाच्या पायऱ्यांखालच्या खोलीत मला बसवलं तेव्हा संघ निळ्या कपड्यांत खेळायचा. मग मालक बदलला, कपडे हिरवे झाले. पुन्हा मालक बदलला, आता पिवळे. दर वर्षी खेळाडूंचा लिलाव. काल ज्याचा शर्ट मी घासूनपुसून दिला, तो आज समोरच्या संघात! बदललो नाही त्या फक्त आम्ही दोघी, मी आणि मला चालवणाऱ्या मावशी.

सामना मला दिसत नाही, पण कपडे सगळं सांगतात. गुडघे हिरवे असले की समजावं, गडी चेंडूमागे जीव तोडून धावलाय. अख्खा पोशाख कोराकरकरीत आला, की साहेब पहिल्याच चेंडूवर परतले!

यंदा आम्ही लागोपाठ सात सामने हरलो. मालक दारातच गरजले, "पहिल्या चारांत आला नाहीत, तर संघच बंद करतो!" मावशींचा चेहरा उतरला.

नेमका त्याच दिवशी मला गरगर फिरवणारा पट्टा तुटला. पुढच्या सामन्यात घामट शर्ट तसेच चढवून सगळे खेळले आणि चक्क जिंकले! कप्तानाने फर्मान काढलं, "आता हरेपर्यंत एकही शर्ट धुवायचा नाही." मग पट्टा बदलला, पण मला काम कोण देतं? बघता बघता सहा सामने जिंकले. मी हसावं की रडावं? माझं बंद पडणंच म्हणे संघाला लाभलं! खुंट्यांवरचे शर्ट तर असे घमघमायचे की माशीसुद्धा दारातून परत फिरे.

उरला एक सामना. जिंकलो तर पहिल्या चारांत, हरलो तर गाशा गुंडाळायचा. सकाळी आमचा वेगवान गोलंदाज मावशींकडे मलम मागायला आला. घामाने कडक झालेल्या कॉलरने त्याची मान सोलून निघाली होती.

"कप्तानाला सांगितलंस?"

"नाही मावशी. शर्ट धुतला आणि हरलो तर?"

मावशींनी बाह्या सरसावल्या आणि सगळे शर्ट माझ्यात कोंबले. काय सांगू, किती दिवसांनी पोटभर मिळालं! मी अशी गरगरले की पाय जमिनीवर ठरेनात.

कप्तान धावत आला. "मावशी, घात केलात!"

"घात मी नाही, त्या घामाने केलाय. गोलंदाजाची मान बघ आधी. नशीब काय मळात असतं होय रे?"

तो मान बघून आला आणि गुपचूप शर्ट वाळत घालू लागला.

संध्याकाळी वरच्या पायऱ्या हादरत होत्या. ओरडा कोणासाठी, काही कळेना. मावशी माझ्या झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या. मी बंद होते, तरी धडधडत होते.

इतक्यात दार उघडलं. कप्तान कपड्यांचा भारा कवेत घेऊन उभा! माती, गवत, सरबताचे डाग. एकही शर्ट कोरा नाही.

"जिंकलो, मावशी! शेवटच्या षटकात आपल्या गोलंदाजाने तिघांना उडवलं!"

मावशींनी डोळे पुसले आणि मुद्दाम विचारलं, "मग हे टांगू खुंटीवर? अजून उपांत्य आणि अंतिम, असे दोन सामने आहेत."

"छे, छे! सरका, मीच मशीन लावतो."

बघा, एकेक बाही सरळ करतोय, खिसे तपासतोय. मित्रांनो, तुमचेही मळके कपडे घरात कोणीतरी मुकाट्याने धुतं. तेवढं त्यांच्यासाठी करा, आमच्या कप्तानाला जमतंय तर तुम्हाला काय जड आहे? चला, दाबलं त्याने बटण. आता मला बोलायला लावू नका, तोंड भरलंय माझं!