तीन वाजताचा डाव

केसरबाईंनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, चष्मा पुसला आणि श्वास रोखून बसल्या. स्क्रीनवर त्यांची हिरवी सोंगटी घराच्या दाराशी आली होती आणि तिच्या मागे चार घरांवर हिलालची पिवळी टपून उभी होती. त्याचा पासा गरगरला. चार पडले.

आता मेली, म्हणून त्यांनी डोळे मिटले. उघडून पाहतात तो पिवळी जागची हललीच नव्हती. दुसरीच कुठली तरी सोंगटी चार घरं चालून गेली होती.

हिलाल त्यांचा धाकटा भाऊ. तो शिंदखेड्याला, त्या पारोळ्याला, आणि दोघांत नऊ वर्षांचा अबोला. वडील गेल्यावर शेतातला हक्क सोडल्याची सही त्याला हवी होती. केसरबाईंना शेत नकोच होतं, पण सही मागायला भावाने स्वतः यावं, वकिलाची नोटीस धाडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या वर्षापासून आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, न्यायला माहेरचं कोणी आलं नाही. भावजयीनेच, बेबाबाईनेच त्याचे कान भरले, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

मग गेल्या वर्षी सुनेने, नूतनने, वेळ जावा म्हणून मोबाइलमध्ये लुडो टाकून दिला, आणि आठच दिवसांत हिलालच्या नंबरवरून खेळायचं आमंत्रण आलं. ना रामराम, ना ख्यालीखुशाली. तेव्हापासून रोज दुपारी तीनला एक डाव. खेळात बोलायचं बटण होतं, ते दोघांपैकी कोणीही कधी दाबलं नाही.

"आई, एवढी काय मजा येते हो यात?" नूतन विचारी.

केसरबाईंना सांगता येत नसे. बोलायचं तर नऊ वर्षांचं बोलावं लागलं असतं, खेळायला पासा पुरतो. शिवाय हिलाल खेळे तो अगदी लहानपणच्यासारखा. स्वतःचा जिंकत आलेला डाव घालवील, पण अक्काची सोंगटी मारल्यावाचून राहणार नाही. रोज मार खाऊन त्या मुकाट हसत आणि चहाला उठत.

मध्ये बारा दिवस आमंत्रणच आलं नव्हतं. आज आलं, आणि आज तो मारत नव्हता. थोड्या वेळाने दुसरी संधी आली, तीही त्याने सोडली. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, भाऊ निवळला. बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दुसऱ्या वेळी मात्र त्या ताठ बसल्या. हा हिलालचा हात नव्हता.

त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

"कोन खेळी ऱ्हायनं?"

पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी शे, अक्का. बेबाबाई."

"हिलाल कोठे शे?"

"आठेच, खाटवर. लकवा मारी गया. बोलता येत नही, हात हालत नही. डॉक्टरनी घर लई जा सांगं. तुम्हले कळाडाले तोंड नव्हतं. पन तीन वाजनात का घड्याळकडे देखतस. म्हनीसन आज मी डाव मांडा."

केसरबाईंनी पदर तोंडात धरला. दोघींचे पासे तसेच पडून राहिले, पाळ्या वाया जात होत्या. जिला नऊ वर्षं नावं ठेवली, तिनेच आज डाव मांडला होता.

"मग मारत कसाले नही तू?" अखेर त्यांनी विचारलं.

"हात धजत नही. एकदाव तुम्हले घरमातून लोटं आम्ही. आते खेळमा बी लोटू का?"

"त्याले दिसस का मोबाइल?"

"डोयासमोरच धरेल शे."

"मग मार वं बाई. त्याले तेच आवडस. मी सकाळनी पहिली गाडी धरस, पन आते मार."

दोन पासे फुकट गेले. तिसऱ्यांदा हवे तेवढेच पडले. पिवळी टुकटुक करत आली आणि हिरवी उलट्या पावली धावत मागे जाऊन बसली. केसरबाईंनी मोबाइल कानाशी नेला. पलीकडे पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही.

"हासनात, अक्का," बेबाबाई म्हणाली.

केसरबाई आणखी थोडा वेळ कान लावून बसल्या.

"हा," त्या म्हणाल्या. "आयकू ऊनं माले."